मिठाचा हिशेब

मे महिना. वॉर्डातला कूलर वारा कमी, आवाज जास्त फेकतो.
दसरू सोनकुसरे, वय बेचाळीस, बेड अकरा.
उलट्या, चक्कर, चौदा किलो वजन गेलेलं.
मलेरिया नाही. कावीळ नाही.
दुर्बीण घातली, जठर स्वच्छ.
फाइलवर माझ्या आधी कुणीतरी लिहून गेलंय:
मानसोपचार विभागाचं मत घ्यावं.

सोडियम एकशे अठरा.
प्रयोगशाळेतून फोन : यंत्र तापलंय, पुन्हा पाठवा.
पुन्हा पाठवलं.
एकशे सोळा.

"काळे पडले नं जी हे," बायको म्हणाली, "पहिले असे नोहते."
मी मान हलवली. नागपूरचं ऊन, त्यात काय नवल.
पुढच्या खाटेकडे वळलेसुद्धा,
आणि चपलेत खडा अडकावा तसं काही अडकलं.
"काम काय करता?"
"कळमन्याले, कोल्ड स्टोरेजवर. रातपाळी. सात वर्षं झाले."

रात्रभर संत्र्यांच्या पेट्यांत, गार धुक्यात,
दिवसा दार लोटून झोपणारा माणूस.
याला ऊन भेटलं कधी?

तळहात उघडायला सांगितले.
रेषा काळ्या, कुणी शाईनं गिरवल्यासारख्या.
जिभेच्या कडेला जांभळाचे डाग,
आणि जांभळं तर अजून बाजारात यायची होती.

"मीठ जास्त खातात का?"
ती हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा.
"पुडा पुरत नाही जी हप्ताभर.
रातच्याले उठून डब्यात बोट घालतेत.
मी म्हटलं, सवय असन."

म्हणजे देह सांगतच होता. स्वयंपाकघरात सांगत होता.
मूत्रपिंडांवरच्या दोन इवल्या टोप्या
क्षयानं आतून कुरतडलेल्या.
रक्त काढून ठेवलं, अहवालाची वाट पाहिली नाही.
शिरेतून शंभर मिलिग्रॅम, सलाईन मोकळं सोडलेलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी दसरूनं तर्री-पोहे मागितले.
सिस्टर चिडल्या. मी हो म्हटलं.

"गोळी किती दिवस घ्यायची?"
जन्मभर. एक दिवसही चुकवायची नाही.
तो गप्प झाला, बोटांच्या पेरांवर
रोजीतून गोळी वजा करत राहिला.

"केस भारी होती, मॅडम," पोरं म्हणाली जिन्यात.
हो.

मागच्या मेमध्ये एक बाई होती, उमरेडकडची,
अशीच काळवंडलेली, अशीच गळलेली.
'उन्हाचा त्रास' लिहून मी तिला घरी पाठवली,
ओआरएसची दोन पाकिटं हातावर ठेवून.
हात पाहिला नाही.
नाव आठवत नाही, बेड सात.
जाताना तिनं
आणखी दोन मागितली होती.