पाचवी पाटी

हेमा ढमाले पळायची तेव्हा
भवानी पेठेतली पोरं भिंतीवर चढून बघायची.
मी पाचव्या पाटीवर, उकिडवी,
तोंड रामोशी गेटकडे,
पाठ तिच्या हवाली.

"नुसतं बसायला काय लागतं गं तुम्हाला?"
जिंकून आल्यावर ती चिडवायची, उसाचा रस पिताना.

फायनल. अर्धं मिनिट. त्यांची शेवटची पोर
सुळकन रांगेतून माझ्या बाजूला.
मधली रेघ हेमालाही ओलांडता येत नाही.
थांबली. मला तिचा श्वास ऐकू आला.
मग पाठीत पंजा. खो.

उठले. दोनच पावलं. कोपराला हात लागला.

सकाळी पेपरात फोटो हेमाचाच:
माझ्या पाटीवर बसलेली,
घामाघूम, मान वर करून बघतेय.
कोपऱ्यात, धूसर,
माझी एक टाच.