सड्यावरची मोजणी

जुन्या नकाशावर इथे एक रेघ आहे,
लाल शाईची, अकराशे यार्ड लांब,
तेवीस शेतांच्या अंगावरून सरळ गेलेली.
शेतांना नंबर आहेत.
नावं धाकू निवाते सांगतो, चालता चालता:
सवतीची पाटी, कुड्याचं भाटलं,
भांडणाचा कोपरा,
आणि ह्या आमचा, पेजेपुरता.

त्रेचाळीसची दिवाळी झाली होती,
भात झोडून घरात,
तेव्हा लॉऱ्या आल्या, आणि माझ्यासारखाच कुणी
खांद्यावर साखळी घेऊन.
चावडीवर वाचून दाखवलं:
लढाई संपेपर्यंत, वर सहा महिने.
एकरी भाडं. आंब्यांचे वेगळे.

बांध अठरा दिवसांत गेले.
त्यांच्याबरोबर शेवरीची झाडं, हद्दीचे धोंडे
आणि एक राखणदार,
ज्याला इब्राहीम मुकादमानं रात्री चार गडी लावून
ओढ्यापलीकडे नेऊन बसवला,
पदरचा नारळ दिला,
आणि हजेरीबुकात लिहिलं: किरकोळ काम.

धाकू तेव्हा नऊ वर्षांचा.
लाल फडकं, रोजचे चार आणे.
आवाज आला की पट्टीवरची गुरं हाकायची.
"इमान आला का मी पलायचो, सायेब."
मी वहीत 'विमान' असं शुद्ध करून घेतो.

तीन होती. कधी चार.
शत्रू कुणीच पाहिला नाही.
समुद्राकडे जायची, समुद्राकडून यायची,
एवढंच युद्ध या सड्यानं पाहिलं.

मग शिमगा आला.
हुकूम होता, उजेड दिसता कामा नये.
होम रचलेला तसाच राहिला,
माणसं काळोखात त्याच्याभोवती उभी,
बोंब मारावी की नाही, कुणाला ठरवता येईना.
आणि वरून आवाज.
एकदा गेला, फिरून आला,
जमीन शोधत असावा.
तळावरचे कंदील पेटेपर्यंत
तो खाडी ओलांडून दक्षिणेला विरला.
धाकू तेवढ्यात पट्टीवर पोचला होता.
काळोखात लाल फडकं हलवत
त्यानं गुरं हाकली. सगळी.
एक वासरूसुद्धा मध्ये नव्हतं, तो म्हणतो.
हे तो मला तीनदा सांगतो.

खारव्यांच्या जाळ्यात पुढे एक चाक लागलं.
बंदरावर बऱ्याच जणांनी त्याच्या वहाणा केल्या.

लढाई संपली. लॉऱ्या गेल्या.
भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या राहिल्या,
त्या आता वाडीभर आहेत:
गोठ्याचं फाटक, विहिरीचं झाकण,
हलिमाबीच्या परड्यात बांगडे सुकवायची मांडणी.
वारा दाखवणाऱ्या पिशवीची
धाकूच्या आईनं बंडी शिवली.
ती घालून, तो म्हणतो, मी नेहमी वाऱ्याच्या उलटा चालायचो.

सहा महिन्यांना आता एकोणचाळीस वर्षं झाली.
सातबाऱ्यावर अजून: सरकार, तात्पुरतं.
त्याच्याकडे पत्र्याच्या डब्यात तेव्हाचा कागद आहे,
घडीवर फाटलेला, सही कुणाची ते वाचता येत नाही.
"इमान गेला. कागूद ऱ्हायला."
या वेळी मी शुद्ध केलं नाही.

साखळीचं दुसरं टोक तोच धरतो.
पट्टीवरचं भात बाजूच्यापेक्षा वीतभर ठेंगणं,
खाली रोलरनं चेपलेला जांभा आहे,
मुळं वळून आडवी जातात.
मोजता मोजता मी हाक मारतो: ताण!
तो ताणत नाही.
दूर पट्टीच्या मधोमध कुणाची तरी
एक तांबडी गाय चरते आहे,
आणि धाकू निवाते
टोक खाली ठेवून
तिच्याकडे निघाला आहे.