जिवाणी

स्वारगेट ते पानशेत, सकाळची सहा चाळीस.
अष्टमी असली की राजमती मगदूम येणार,
मांडीवर पितळी तांब्या, तोंडाला दुहेरी फडकं.

पहिल्यांदा मला वाटलं, अस्थी.
"गाळलेल्या पाण्यातली जिवाणी," म्हणाल्या.
"ज्या पाण्यातली, त्याच पाण्यात सोडायची.
गावाकडं दारात आड होता.
इथं नळाचा माग काढला,
तर खडकवासल्याला येऊन पोचले.
रोज जमत नाही. तेवढं पाप लिहून ठेवते."

मी कंडक्टर माणूस. डोकावलो तांब्यात.
"मावशी, काहीच दिसत नाही."
"दिसलं असतं तर तुम्हीही जपलं असतं."

एकदा गर्दीत त्यांचं तिकीट राहिलं.
पुढच्या अष्टमीला आधी मागचे पैसे, मग आजचे,
सुट्टे.
"आणि बसखाली मरतात ते?" मागून कुणी खवचट.
"तेही माझ्याच खात्यावर," मागं न बघता.

मग किरकटवाडी फाट्याची ती सकाळ.
कुत्र्याचं पिल्लू आडवं आलं, कचकन ब्रेक,
तांब्या कलंडला, सगळं पदरात.
"पिल्लू वाचलं ना?" एवढंच विचारलं,
आणि ओला पदर मुठीत धरून बसल्या,
घट्ट नाही, सैल,
आत कुणी झोपलं असावं तसा.

धरणापाशी उतरल्या. पाण्याकडं निघाल्या,
खाली बघत, एकेक पाऊल.
पानशेतवाले ओरडायला लागले.
ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

दोरी माझ्या हातात होती.
पदर पाण्याला टेकेपर्यंत
मी घंटी दिली नाही.