सतरा नंबरचा खिळा

दुकानात शिरलात की डाव्या हाताला फळी आहे.
एकेचाळीस खिळे. वडिलांनी ठोकले, वाकडेच ठोकले.
प्रत्येकावर किल्ली, किल्लीला दोरा, दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा:
ओझेला फाँटेन. हायरम ट्रॉटर. डीकन ब्लंट, मागचं दार.
कुणी बाहेर अडकलं, कुणी न्हाणीत घसरलं,
कुणाचं पोर शाळेतून लवकर आलं,
तर पेटवेकडे जा, त्याच्याकडे असेल.
आमचा विमाबिमा काय तो एवढाच.

बँकेनं तेव्हा आमच्या भागाभोवती लाल रेघ ओढली होती.
कर्ज नाही. म्हणाले, दक्षिण फिलाडेल्फियातल्या या विटांवर भरवसा नाही.
आता त्याच विटांसाठी
पोस्टातून रोज गुळगुळीत कार्डं येतात:
तुमचं घर आहे तसं घेतो, रोख.
आहे तसं!
पन्नास वर्षं आम्ही आहोत तसेच होतो की.

माणसं एकदम गेली नाहीत.
एकदम गेली असती तर कुणाच्या तरी डोळ्यावर आलं असतं.
हायरम घरपट्टीच्या तिसऱ्या नोटिशीनंतर बहिणीकडे, डेलावेअरला.
ब्लंटची नात म्हणाली, आजोबांना जिना झेपत नाही,
आणि महिन्याभरात तिथं जिनाच राहिला नाही;
चार मजले काच, गच्चीवर कुत्र्यापुरतं गवत.
रविवारी चर्चपुढे गाड्या दुहेरी रांगेत लागायच्या, माझ्या जन्माआधीपासून.
आता प्रार्थना संपायच्या आत
त्या उचलून न्यायला ट्रक येतो.
किल्ली परत मागायला मात्र कुणी आलं नाही.
घर गेल्यावर किल्ली कोण मागतं?

मार्चमध्ये एक पोरगा आला. टोबायस म्हणाला नाव.
दाढी नीट कातरलेली, बुटांना सिमेंट.
ओझेलाचं घर त्यानं घेतलंय.
तळघरात लोखंडी दार आहे, कुलूप जुनं,
मशिननं कापू, की तुम्ही बघता?
कापू नकोस, म्हणालो.
सतरा नंबर.

किल्ली अर्ध्यात अडली. थुंकी लावली, फिरली.
आत कोळशाचा वास, आणि घडीच्या खुर्च्या.
छप्पन्न.
पाठीवर पांढऱ्या रंगात घरांचे नंबर, ओझेलाच्या ठसठशीत अक्षरात:
२११४, २११६, २११८.
जुलैत रस्ता दोन्ही टोकांना दोरी बांधून अडवायचो,
तेव्हा या वर यायच्या.
दिवसभर सैन्याचे गणवेश शिवून आलेली ती
रात्री अकराला पायरीवर उभी राहून हिशेब मागायची:
ट्रॉटर, तुझी एक कमी आहे.

पोरगा म्हणाला, वा, व्हिंटेज.
मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाला.
वाईट नाही पोरगा. वाईट असता तर सोपं गेलं असतं.
म्हणाला, पुढच्या दाराला मी आता आकडे बसवलेत,
अडीनडीला असू द्या, तुम्हाला आकडा देऊन ठेवतो.
चार आकडे. मी मान हलवली.
आकडा खिळ्याला कसा टांगायचा?

२१३१ उचलली, आमची. एक पाय आखूड, तेव्हाही होता.
तीन डॉलर झाले, म्हणालो. त्यानं पाच दिले.
दोन परत केले.
कुलूप उघडून दिलं, किल्ली नाही दिली.
ती आहे जागेवर.

हल्ली दुपारी खुर्ची दाराबाहेर टाकून बसतो.
आखूड पायाखाली घडी केलेलं गुळगुळीत कार्ड;
बरोब्बर तेवढ्याच जाडीचं होतं.
घरपट्टीची नोटीस गल्ल्यात आहे. दुसरी.
काल कुत्रा फिरवणारी एक बाई थांबली,
हसली, हवेबद्दल काहीतरी बोलली,
मग बोट करून म्हणाली, हे विकायचंय का?

बोट नेमकं कशाकडे होतं,
उन्हात मला नीट दिसलं नाही.