नो क्लेम

वीजबिलाच्या पाठीमागे मी दोन रकाने पाडले:
गाडीची किंमत, आणि गाडी बाळगण्याची किंमत.
पहिला रकाना कुणालाही वाचता येतो.
दुसऱ्यासाठी पारोळ्याहून अमळनेरला
बागुल एजंटाच्या टेबलाशी बसावं लागतं,
कूलरचे शिंतोडे कागदावर पडू न देता.

हेमकांत म्हणाला होता, ताई, घे तर मोठीच घे.
मोबाइलवर दाखवली त्यानं
टपाची काच सरकणारी गाडी.
खान्देशात, मे महिन्यात,
वरून ऊन आत घ्यायला
जास्तीचे ऐंशी हजार!
मी हसले. तो अजून रुसलेलाच आहे.

बागुल बोलत गेला, मी लिहीत गेले.
हजार सीसीच्या आत असेल तर हप्ता एवढा,
वर गेली की तेवढा.
आरसा, बंपर धुळ्यात मिळतो का ते आधी बघा, सिस्टर,
मुंबईहून मागवावा लागला की हप्ताही मुंबईचा.
गॅसकिट असेल तर लपवू नका.
स्वतःच्या गाडीचा उतरवा, नका उतरवू, तुमची मर्जी.
थर्ड पार्टी मात्र सक्तीची.

पेन थांबलं माझं.
म्हणजे आपलं मोडलं तर मर्जी,
आणि जो अजून भेटलेलाच नाही,
बेटावदच्या रस्त्यानं भर दुपारी
सायकलला कुल्फीचा डबा बांधून येणारा कुणी,
त्याची तजवीज आधी?
कायदा आहे, बागुल म्हणाला.
नोकरीत बावीस वर्षं परिपत्रकं वाचली,
इतकं समजूतदार वाक्य एकात नव्हतं.

झुलाल आप्पांची गाडी पांढरी, सातशे शहाण्णव सीसी,
नऊ वर्षांत बेचाळीस हजार किलोमीटर.
पेट्रोलची वही पोस्टातल्या अक्षरात,
लिटर, तारीख, आणि समोर कारण:
'डोळे तपासणी'. 'चोपडा, लग्न'. 'सहज'.
'सहज' फार थोड्या वेळा होतं.
डावी सीट पार पुढे ओढलेली.
आप्पा म्हणाले, तिचे पाय पुरायचे नाहीत.
पुढे काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

बाई, हाई गाडीनी माले कधी दगा दिन्हा नही.

कागद बदलायला आम्ही तिघं बसलो.
आप्पांचा नो क्लेम बोनस पन्नास टक्के,
म्हणजे वर चढतच नाही त्यापुढे.
नऊ वर्षं एकदाही मागितलं नाही काही;
एकदा बैल घासून गेला होता, दार चेपलं,
तेही त्यांनी स्वतःच ठोकून घेतलं,
कशाला उगाच कंपनीला त्रास म्हणून.
आप्पा बागुलला म्हणाले,
मना हाऊ बोनस या बाईले दी टाक ना.
आप्पा, तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो.
त्या शून्यापासून सुरू करतील.
तुम्हाला दाखला मिळेल. तीन वर्षं चालतो,
नवीन गाडी घेतलीत तर.

एक्क्याऐंशी वर्षांच्या आप्पांनी
दाखला नीट वाचला, चष्मा काढून, परत लावून.
मग चार घड्या घालून
खिशात ठेवला, डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीमागे.
घेऊ की, म्हणाले. बागुल हसला नाही.
त्याबद्दल मी त्याला पुढच्या वर्षीही
हप्ता त्याच्याकडेच भरेन.

हिशेब जुळला: आठवड्याला दोनदा उपकेंद्र,
महिन्याला एकदा धुळे,
आणि हप्ता पगारातून निघाला तरी
गॅसची टाकी, हेमकांतचा रुसवा, सगळं भागेल.

पारोळ्याकडे निघाले ती तिसऱ्या गिअरमध्येच.
मागून ट्रक हॉर्न देत राहिला, देऊ दे.
समोरून सायकलवर कुणीतरी येत होतं,
उन्हात डगमगणारं, डब्याचं झाकण चमकत होतं.
मी गाडी पार कडेला घेतली.
डावी सीट अजून तशीच पुढे होती.
मागे कशी सरकवतात
ते विचारायचं राहूनच गेलं.