अकरा सेकंद

ज्युरीच्या खोलीतलं बाहेर बोलायचं नसतं,
कायदाच आहे तसा.
म्हणून इस्त्रीला सांगते.

ग्रिम्सबीच्या गोदीमागे माझी लाँड्री.
सव्वीस वर्षं डाग ओळखत आलेय:
हा चहाचा, हा रक्ताचा, हा माशाच्या पोटातला,
आणि हा, जो नवऱ्याने घाईघाईने
स्वतःच धुवायला घेतला होता.

खटला शीतगृहाचा.
डेन्झिल स्प्रेकने बाहेरून अडसर घातला,
आत ऑटवे राहिला, कॉडच्या पेट्यांमध्ये,
उणे बावीसमध्ये, साडेतीन तास.
चार बोटं गेली, डावा कान गेला.
जगला. साक्षीला आला तेव्हा
पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायला,
लहान मूल पितं तसा.

अडसर कुणी घातला, यावर वाद नाही.
कॅमेऱ्यात सगळं दिसतं:
स्प्रेक येतो, अडसर सरकवतो, चार पावलं जातो,
वळतो.
दारासमोर उभा राहतो. अकरा सेकंद.
मग खिशात हात घालून घरी.

सरकारी वकील म्हणाली, सोमवारी उधारीवरून भांडण झालं होतं.
बचावाचा म्हणाला, त्या दिवशी त्याच्या आईला इस्पितळात नेलं होतं,
माणूस उभा राहतो, कुठेही, कशासाठीही.

न्यायाधीश बाई सावकाश बोलल्या:
हातानं काय केलं ते तुम्ही पाहिलंत.
आता मनाचं बघा.
आत माणूस आहे हे त्याला ठाऊक होतं का?
ठाऊक नसेल, पण असू शकेल असं वाटून गेलं
आणि तरी तो निघाला?
की वाटलंच नाही काही?
वाटायला हवं होतं, एवढ्यावर
त्याला गुन्हेगार म्हणू नका.

आम्ही बारा जण. चित्रण एकोणीस वेळा पाहिलं.
पाठ, टोपी, धुकं.
पाठीवर मन दिसत नाही.
भूगोल शिकवणारा म्हणाला, थांबला म्हणजे कळलं होतं.
बस चालवणारी म्हणाली, मी रोज थांबते,
गॅस बंद केला का म्हणून.
केलेला असतो.
त्या थंडीत पाल जगत नाही,
पण मनात चुकचुकायला तिला ऊब लागत नाही.

स्प्रेकला विचारलं होतं त्या अकरा सेकंदांबद्दल.
म्हणाला, आठवत नाही.
मग बऱ्याच वेळाने, कुणी विचारलेलं नसताना:
आठवलं असतं तर बरं झालं असतं.

काल मोठ्या यंत्राचं दार लावलं
आणि तशीच उभी राहिले.
थोराने पलीकडून हाक मारली, काय झालं?
काचेआड कुणाचा तरी शर्ट फिरत होता,
बाही काचेला चिकटायची, सुटायची.
मी कशाचा विचार करत होते,
शपथेवर सांगता येणार नाही.

हात मी वर केला होता,
दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.
कोणत्या बाजूने,
ते इस्त्री, तुलासुद्धा नाही.