प्लग खिशात

सोहारला पहाटे साडेचारलाच लोखंड कोमट असतं.
इस्माईल परकार एजर आडवा करतात,
आधी प्लगची टोपी उपटतात, मग प्लगच काढून
शर्टाच्या खिशात टाकतात, विडीच्या जागी.
"हा इथे आहे तोवर ते मेलेलं.
बटण बंद म्हणजे नुसतं झोपलेलं."

मी हातमोजे चढवतो, पात्याला लाकडाचा ठोकळा लावतो.
नट हटत नाही.
"आटे उलटे आहेत, बाबा.
आवळल्यासारखा फिरव, सुटेल."
सुटतो.

गेल्या महिन्यात नऊ इंची होतं हे पातं,
आता जेमतेम सहा.
उरलेलं फुटपाथच्या दगडाला घासून गेलं,
वाळूत, दोन किलोमीटर सरळ,
जिथे हिरवळ संपवायचा आम्हाला पगार मिळतो.

वॉशर आधी कुठला, मी विचारतो.
ते फडक्याकडे बोट करतात:
काढले त्याच क्रमाने मांडलेत.
जुनं पातं कागदात गुंडाळून वर दोरी.
"कचरा उचलणारा तो बंगाली
आपल्याला ओळखतही नाही. त्याची बोटं मोज."

मग स्वतःशीच हसतात.
एका वर्षी शर्ट तसाच बॅगेत गेला,
दापोलीत धुण्याच्या दगडावर प्लग टणकन वाजला.
"हे काय आणलंत माझ्यासाठी?"
इथे एजर अकरा दिवस उभा,
गवत चार बोटं रस्त्यावर,
फोरमन फोनवर शिव्या घालतोय.

नवं पातं बसलं. नट आवळून झाला.
ते प्लग माझ्या तळहातावर ठेवतात, कोमट, खिशातला.
"लाव आता.
पण आधी बघ, माझे हात कुठे आहेत."